‘डिस्टर्बन्स’ला उपद्रव म्हणावे का?

प्रश्न : जंगलाची घडी विस्कटली की तेथील संधिपाद (सांधे असलेल्या पायांच्या) प्राण्यांच्या समूहांत काय बदल होतात, या विषयावरील लेखाचे मराठी करताना मी ‘डिस्टर्बन्स’साठी ‘उपद्रव’ आणि ‘ट्रेट’साठी, म्हणजे प्राण्याच्या आकारासारख्या वैशिष्ट्यासाठी, ‘गुणधर्म’ हे शब्द योजले आहेत. ते योग्य आहेत का? शिवाय ‘संधिपाद’ बोजड वाटतो. सरळ ‘कीटक’ म्हटले तर चालेल का?

उत्तर : ‘उपद्रव’ टाळावा. शेतीच्या मराठीत उपद्रव करतो तो कीटक. तुडतुड्यांचा उपद्रव, खोडकिडीचा उपद्रव हे आपण नेहमी वाचतो, त्यामुळे ‘वनातील उपद्रव आणि कीटक’ असे शीर्षक पाहून वाचक किड्यांनाच आरोपी धरील. ‘ऱ्हास’ही नको, कारण तो निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. वादळात एखादे मोठे झाड पडले की ऊन जमिनीपर्यंत पोहोचते आणि काही जातींना ते मानवतेही. मी ‘विक्षोभ’ लिहितो.

‘गुणधर्म’ ऐकताच रसायनशास्त्राचा तास आठवतो, आणि ‘लक्षण’ म्हटले की रोग किंवा ‘लक्षण काही ठीक दिसत नाही’ हे घरातले वाक्य. ‘गुणविशेष’ बरा. उदाहरणार्थ, ब्राझीलमध्ये मानाउस शहराजवळ १९७९ साली सुरू झालेल्या प्रकल्पात, गुरांच्या कुरणांसाठी रान तोडताना मधे राखलेल्या वनखंडांचा अभ्यास झाला. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधानुसार, १ आणि १० हेक्टरांच्या खंडांत शेणकिड्यांच्या जाती सलग जंगलापेक्षा कमी होत्या, उरलेले किडे आकाराने लहान होते आणि शेण कुजण्याचा वेगही मंदावला होता. येथे वृक्षतोड हा विक्षोभ, तर शरीराचा आकार हा गुणविशेष.

‘कीटक’ मात्र चालणार नाही. कीटकाला सहा पाय, कोळी आणि विंचू यांना आठ, आणि गोमेचे तर मोजतच बसावे. लेखात हे सारे येणार असतील तर ‘संधिपाद’ला पर्याय नाही.

आणखी एक मत : ‘विक्षोभ’ पटतो, पण त्यातला ‘क्षोभ’ लोकक्षोभाची, म्हणजे रोषाची आठवण करून देतो. हवामानाच्या बातम्यांत ‘पश्चिमी विक्षोभ’ आता कानावर पडतो, तरी पहिल्या उल्लेखाच्या वेळी ‘तोड, वणवा, वादळ यांसारखा विक्षोभ’ असे फोडून लिहावे. पुढे नुसता शब्द पुरेल.