म्युनिकला 'कान उघडले' म्हणे!

खरखरमुंडे

ॲनालॉग_अण्णांनी परवा लिहिलं की म्युनिकच्या 'हाय-एंड' या ऑडिओ सिस्टीमच्या प्रदर्शनात साडेतीन लाख युरोंची सिस्टीम ऐकली, 'संपूर्ण सत्य' ऐकून डोळ्यांत पाणी आलं, महागड्या पॉवर वायरीने 'पडदा दूर झाल्यासारखा' वाटला, घरची सिस्टीम आता ट्रान्झिस्टर वाटते, आणि ज्यांना फरक कळत नाही त्यांनी 'आधी कान तयार करावेत'. तिथेच प्रतिसाद देणार होतो. लांबला, म्हणून वेगळा धागा.

मी म्युनिकलाच राहतो. यू-६ पकडायची, कीफर्नगार्टनला उतरायचं, चालत एमओसी, म्हणजे शो भरायचा ते प्रदर्शन-केंद्र. सहा वेळा गेलोय. २००४ पासून तिथे भरणारा हा शो २०२५ला शेवटचा झाला, २०२६ पासून व्हिएन्नाला. म्हणजे 'कोल्ह्याला द्राक्षं आंबट' म्हणायची सोय नाही, द्राक्षं घराजवळ होती.

आता अण्णांनी नक्की काय ऐकलं ते सांगतो. एट्रियममधली खोली. एका अंगाला अख्खी काच, त्यावर घाईत लावलेले पडदे. शेजारच्या खोलीतला बास भिंतीतून येतोय. मधली खुर्ची मिळाली तर नशीब, नाहीतर दारापाशी उभं राहून कुणाच्या तरी टकलावरून परतलेला आवाज ऐका. व्हॉल्यूम घरी कुणी लावणार नाही इतका. आणि संगीत कुठलं? तीच कानात कुजबुजणारी बाई, तोच डबल बास, तोच ड्रमचा तुकडा. दोन वाद्यं आणि भरपूर शांतता. त्यावर आमच्या डोंबिवलीच्या रिक्षातला स्पीकरही बरा वाजेल.

मला आवडलेल्या गोष्टीही होत्या. सिल्बाटोन कंपनीचे कोरियन लोक वेस्टर्न इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीचे १९३०च्या आसपासचे सिनेमा थिएटरचे हॉर्न स्पीकर घेऊन यायचे. दोन-चार वॉटवर बोलणारी धुडं. मापात बसवायला गेलात तर दहा दोष निघतील, पण माणसाचा गळा समोर उभा राहायचा. दुसरं टोक म्हणजे की थ्री. लहानसा ॲक्टिव्ह स्पीकर, आत सगळं डिजिटल, बास मागे-बाजूला कमी फेकतो म्हणून त्या काचेच्या खोलीतही शाबूत. जोडीची किंमत अण्णांना 'पडदा दूर झाल्यासारखी' वाटलेल्या वायरीच्या आसपास.

शेवटचा किस्सा. मी पेनड्राइव्हवर घरच्या तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग घेऊन फिरतो. तीन खोल्यांत नम्र नकार. चौथ्या खोलीत (अण्णांचीच ती साडेतीन लाखवाली) लावलं, आणि चाळीस सेकंदांत तिथला पोरगा धावत आला. त्याला वाटलं ट्वीटर (उंच सुरांचा छोटा स्पीकर) फाटला! जवारी, म्हणजे तानपुऱ्याच्या तारेची ती झणझणती गुंज, काय हेच माहीत नाही आणि म्हणे 'संपूर्ण सत्य'.

ॲनालॉग_अण्णा

छान. सहा वेळा जाऊन माणूस टकलं मोजत बसला.

मी शनिवारी त्या खोलीत पावणेदोन तास बसलो होतो, मधल्या खुर्चीत. माझ्याकडे १९८१ पासून रेकॉर्ड आहेत, चोर बाजारात सुईच्या डब्या शोधण्यात तारुण्य गेलंय. मला व्हॉल्यूम आणि दर्जा यांतला फरक कळतो. खोली वाईट असूनही ते तसं वाजलं, यातच काय ते आलं.

आणि 'कान तयार करा' यात राग येण्यासारखं काय आहे? गाणं शिकताना पहिली दोन वर्षं गुरुजी म्हणतात 'गंधार चढलाय', आणि आपल्याला ढिम्म कळत नाही. म्हणून गंधार चढलेला नसतो का?

विद्युत_विभाग

अण्णा, गुरुजींचं उदाहरण दिलंत ते बरं केलंत. गुरुजींना तो गंधार डोळे मिटूनही कळतो. तुम्हाला वायर डोळे मिटून कळते का, एवढाच प्रश्न आहे.

टूल आणि ऑलिव्ह या ध्वनी-संशोधकांनी १९९४ला हेच केलं. तीच माणसं, तेच स्पीकर, एकदा डोळ्यांदेखत, एकदा पडद्यामागे. गुण बदलले. स्पीकर बनवणाऱ्या कंपनीतलीच माणसं होती ती.

मी घरी करून पाहिलंय. दोन ॲम्प्लिफायर, एक आठ हजारांचा, एक माझ्या तीन पगारांचा. मल्टिमीटर लावून आवाज सारखा केला (अर्ध्या डेसिबलचा फरक 'मोठा' नाही वाटत, 'चांगला' वाटतो, शोवाल्यांना हे पक्कं ठाऊक असतं). मुलगा पडद्यामागे नाणं उडवून बदलत होता. वीसपैकी माझे अकरा बरोबर. नाण्याने न ऐकता दहा मिळवले असते. निदान पंधरा आले असते तर काही बोललो असतो. तीन पगारांचा ॲम्प दुसऱ्या महिन्यात विकला.

वायरीबद्दल तर बोलूच नका. डीपीपासून घरापर्यंत वीज कावळे बसलेल्या तारेतून येते आणि शेवटच्या दीड मीटरला शुद्ध होते!

ॲनालॉग_अण्णा

मुलाला कंटाळा आला असेल, तुम्हाला टेन्शन आलं असेल. संगीत ही परीक्षा नाही. मी एक गोष्ट महिनाभर ऐकतो, मग ठरवतो. आणि विजेचं म्हणाल तर सांगलीत स्टॅबिलायझर लावून आणि काढून बघा, मग कावळ्यांवर विनोद करा.

विद्युत_विभाग

स्टॅबिलायझर मान्य. आमच्याकडे संध्याकाळी १८० आणि पहाटे २५५ असतं. पण तो साडेचार हजारांत मिळतो आणि त्याच्यावर सापाच्या कातड्यासारखी जाळी नसते.

खरखरमुंडे

महिनाभर ऐकून ठरवणारे लोकच २०२२ला तोंडावर आपटले ना, अण्णा? मोबाइल फिडेलिटी या रेकॉर्ड कंपनीच्या ज्या महागड्या रेकॉर्डी 'निखळ ॲनालॉग' म्हणून डोक्यावर घेतल्या, त्यांतल्या कित्येकांत मधे डिजिटल पायरी होती. वर्षानुवर्षं कुणाच्या तयार कानाला कळलं नाही.

ॲनालॉग_अण्णा

माझ्याकडे त्यांच्या तीन आहेत. अजूनही सुंदर वाजतात. (हो, हो, हसा.)

मिरजेचा_भोपळा

मूळ वादात मला रस नाही, तुमचे पैसे तुम्ही जाळा. पण खरखरमुंडे, तो तानपुरा कुठला? माइक कुठे ठेवला होता? आमच्या घरात तीन पिढ्या तानपुरे लावतात. 'जवारी माहीत नाही' असं जर्मन पोराला हसण्याआधी हे सांगा, की आपल्याकडे तरी किती जणांना माहीत आहे? निम्म्या मैफलींत मांडीवर मोबाइल ठेवून ॲपचा तानपुरा चालू असतो. मागे दोन तानपुरे शोभेला. त्यांच्या तारा हलतात, ऐकू येतो तो डबा.

रियाजाला_उशीर

आलात का वळणावर! ॲपला नावं ठेवणं सोपं आहे. मी मुंबईत चारशे स्क्वेअर फुटांत राहते, तिघांत. पावसाळ्यात लाकूड फुगतं, रोज दोरा सरकवत बसायचं, तोवर आठ अठ्ठावीस निघून जाते. ॲप काढलं, काळी चार लावली, रियाज सुरू. त्यात शिकलेलं गाणं खोटं ठरतं का?

मिरजेचा_भोपळा

खोटं म्हणालो नाही, ताई. पण ॲप आपल्याला ऐकत नाही. खऱ्या तानपुऱ्याशेजारी बसून षड्ज लावला की तारा आपल्या आवाजाने जाग्या होतात. तारा टेकतात त्या घोडीवर सुताचा दोरा केसभर पुढे सरकला तर पंचमामागचे सूर वेगळे फुलतात. ते मिळवण्यात जो अर्धा तास 'वाया' जातो ना, तोच खरा रियाज.

रियाजाला_उशीर

वा! आणि तो अर्धा तास भाजी कोण चिरणार? पूर्वी तानपुरे लावून द्यायला शिष्य असायचे, आणि शिष्यांना जेवायला वाढायला गुरुपत्नी. हा हिशेब कुणी लिहीत नाही.

मिरजेचा_भोपळा

मुद्दा भाजीचा नव्हता.

रियाजाला_उशीर

माझा होता.

साउंडवाला_बंड्या

राव, ॲपवर सगळे तुटून पडलेत, जरा माझंही ऐका. वीस वर्षं शास्त्रीय कार्यक्रमांना साउंड देतोय. खरा तानपुरा आणला तरी गायक म्हणतो 'मॉनिटरमध्ये तानपुरा वाढव', वाढवला की फीडबॅकची शिट्टी, फीडबॅक आला की शिवी मला. मग 'जरा एको दे'. मग तबलजी म्हणतो डग्गा घुमला पाहिजे. शेवटी हॉलमधल्या शेवटच्या आजोबांपर्यंत जे पोचतं ते मी आणि माझा मिक्सर. आणि हे आजोबा घरी जाऊन अण्णांच्या सिस्टीमवर म्हणणार, 'अगदी प्रत्यक्ष मैफलीसारखं!' अहो कुठली मैफल? प्रत्यक्ष मैफल म्हणजे माझे बारा इंची टॉप स्पीकर.

खरखरमुंडे

बंड्या, लाख बोललास. मला हेच म्हणायचं होतं. बिनमाइकची बैठक आपल्यातल्या कितींनी ऐकलीय? तुलना कशाशी करायची हेच ठाऊक नाही आणि 'हुबेहूब' म्हणायचं.

ॲनालॉग_अण्णा

मी ऐकलीय. सदाशिव पेठेत, वाड्याच्या माडीवर, पंचवीस माणसं, १९७८. बाई गायला बसल्या तेव्हा मी त्यांच्यापासून सहा फुटांवर होतो. श्वास ऐकू येत होता. ती जागा आता पार्किंग आहे. तेव्हापासून मी जे काही विकत घेतलं ते त्या सहा फुटांसाठी घेतलं. त्यासाठी वेडा म्हणायचं तर म्हणा, पण 'दिखाऊ' म्हणू नका.

विद्युत_विभाग

दिखाऊ कुणी म्हटलं नाही. (मनात म्हटलं होतं, मागे घेतो.) पण अण्णा, त्या सहा फुटांत निम्मं काम माडीच्या लाकडाचं होतं. तुमची खोली दहा बाय बारा. नुसत्या बारा फुटांतच ४७ हर्ट्झच्या आसपास एक लाट अडकून बसते, दहा फुटांत ५६ला दुसरी. साडेतीन लाख युरो आणून ठेवलेत तरी ती हलणार नाही. स्पीकर भिंतीपासून पुढे ओढा, मागे पुस्तकांचं कपाट ठेवा, खाली जाड सतरंजी. खर्च शून्य.

ॲनालॉग_अण्णा

कपाट ठेवून बघतो. सुचवलं म्हणून नाही, तसंही हलवायचंच होतं.

मिरजेचा_भोपळा

माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच. तानपुरा कुठला? फाइल टाका इथे.

खरखरमुंडे

घ्या, टाकली. तानपुरा मिरजेचाच, आजोबांनी घेतलेला, काळी एकचा. माइक दोन फुटांवर, भोपळ्याच्या बाजूने. रात्री दोनला केलंय, फ्रिज बंद करून. आता तरी खात्री पटेल की शुद्ध जवारी आहे.

मिरजेचा_भोपळा

चार वेळा ऐकलं. दुकानात वडिलांनाही ऐकवलं.

तानपुरा छान आहे. जुनं तूनचं लाकूड आहे, खर्जाची तार अजून गोल वाजते. पण साहेब, तुमच्या जर्मन पोराचं बरोबर होतं.

जवारी छेडल्यानंतर हळूहळू उघडते, सूर वरून खाली सरकत जातात. तुमच्या तिसऱ्या तारेवर, म्हणजे मधल्या दोन जोडीच्या तारांतल्या दुसरीवर, छेडल्याक्षणी एक किरकिर येते आणि लगेच मरते. पंचमावर नाही, पहिल्या जोडीवर नाही, खर्जावर नाही. मणका (तारेत ओवलेला मणी) तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या फळीवर, नीट बसलेला नाही, थरथरतोय. ही जवारी नाही, खोड आहे.

ॲनालॉग_अण्णा

!!!

म्हणजे साडेतीन लाखांच्या सिस्टीमने चाळीस सेकंदांत जे दाखवलं ते आमच्या खरखरमुंडेंना घरी इतकी वर्षं ऐकू आलं नाही? आणि वर त्या बिचाऱ्या पोराला हसला! माझा खटला संपला, युवर ऑनर.

खरखरमुंडे

थांबा, थांबा. त्याला मणका कळला नव्हता, त्याला ट्वीटर फाटला असं वाटलं.

(आत्ता पुन्हा ऐकलं. आहे किरकिर. च्यायला.)

रियाजाला_उशीर

मलाही आली हो ऐकू. बाराशे रुपयांच्या हेडफोनवर, लोकलमध्ये, कुर्ला गेल्यावर.

साउंडवाला_बंड्या

मोबाइलच्या स्पीकरवर पण येतेय.

विद्युत_विभाग

मग अण्णांचा खटला पुन्हा उघडावा लागेल.

ॲनालॉग_अण्णा

कुठे ऐकायचं हे आधी सांगितल्यावर सगळ्यांनाच ऐकू येतं! आता तुमची ती पडद्यामागची परीक्षा कुठे गेली?

विद्युत_विभाग

... हा मुद्दा बरोबर आहे. लिहायला त्रास होतोय, पण बरोबर आहे.

खरखरमुंडे

भोपळेसाहेब, मणका बदलायला काय लागतं? इथे कुणाला दाखवू?

मिरजेचा_भोपळा

तिथे कुणाला हात लावू देऊ नका. तार उतरवा, मणका काढून कोरड्या फडक्याने पुसा, उलटा करून ओवा. तरी वाजला तर दिवाळीत गावी याल तेव्हा घेऊन या, आणि विमानात सामानात टाकू नका, दांडी मोडते. आणि त्या पेनड्राइव्हवर तोपर्यंत दुसरं काहीतरी भरा.