अर्धशिशी आणि अंगदुखी: दोन आजार की एकच?

शिलाईवाली_अमळनेर
नमस्कार मंडळी. मी घरीच ब्लाउज शिवते. अर्धशिशी कॉलेजपासूनची. उजवी बाजू ठणकते, उजेड नको, फोडणीचा वास नको, उलटी झाली की जरा मोकळं वाटतं. तिच्याशी कसंबसं जमवून घेतलं होतं. पण गेल्या दोनेक वर्षांत अख्खं अंगच धरलंय. मान, खांदे, कंबर, मांड्या. नेमकं कुठे म्हणून विचारलं तर बोट ठेवता येत नाही. रात्रभर झोपूनही सकाळी उठते ती दमलेलीच.

सूज आणि संधिवातासाठीच्या रक्ताच्या तपासण्या (ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर), थायरॉइड सगळं नॉर्मल. रिपोर्ट बघून नणंद म्हणे, "चला, काहीच निघालं नाही," आणि लगेच उडदाच्या पापडाचं पीठ कुटायला बोलावलं!

डोक्याचे डॉक्टर जळगावला, अंगाचे धुळ्याला. धुळ्याच्यांनी चिठ्ठीवर 'फायब्रोमायल्जिया' लिहिलंय, म्हणजे अंगभर दुखत राहण्याचा आजार. दोघांना एकमेकांच्या गोळ्यांचा पत्ता नाही. या दोन दुखण्यांचा आपसात काही संबंध असतो का? की माझं नशीबच डबल? आणि एक विचित्र गोष्ट. डोकं चढलेलं असतं त्या दिवशी केसांतून कंगवा फिरवता येत नाही, मंगळसूत्र मानेला टोचतं. हे कोणाला होतं का?

फिजिओ_भुसावळ
ताई, संबंध आहे. मायग्रेनवाल्यांत, म्हणजे अर्धशिशीवाल्यांत, फायब्रोमायल्जिया इतरांपेक्षा जास्त सापडतो आणि फायब्रोवाल्यांत मायग्रेन. दोन्ही बायकांत जास्त. म्हणून एकामुळे दुसरं झालं असं मात्र नाही.

कंगव्याचं लिहिलंत ते मुद्द्याचं. त्याला अॅलोडायनिया म्हणतात, म्हणजे जे दुखायला नको तेच दुखणं. शेताला रानडुकरांसाठी झटका मशीन लावतात ना? त्याची सेटिंग बिघडली तर गवताची काडी लागली तरी सायरन बोंबलतो. मेंदू आणि मज्जारज्जूतली दुखणं मोजणारी यंत्रणा तशी हळवी होते. मायग्रेनमध्ये डोक्याभोवती, फायब्रोत सगळ्या अंगात. स्नायूला जखम नाही, सांध्याला सूज नाही, मग रक्तात काय दिसणार? पण दुखणं खरंच असतं. हे नणंदेला वाचून दाखवा.

पूर्वी, 1990 च्या निकषांत, अंगावरच्या 18 जागा दाबून बघायचे, 11 दुखल्या तर फायब्रो. 2010 पासून त्या दाबण्याची सक्ती राहिली नाही. दुखणं किती भागांत पसरलंय, झोप, थकवा, विसरभोळेपणा हे विचारतात, आणि त्रास किमान 3 महिन्यांचा हवा.

मेडिकलवाला_चोपडा
मला काळजी गोळ्यांची. डोक्याला काय चालू आहे, अंगाला काय? आणि वरून दुखलं की काय घेता?

शिलाईवाली_अमळनेर
डोक्याला रात्री अॅमिट्रिप्टिलीन 10 मिलिग्राम. अंगाला ड्युलॉक्सेटिन. वरून पॅरासिटामॉल-ट्रामाडॉलची जोडगोळी. लगनसराईत ऑर्डर असल्या की ती जवळजवळ रोजच. गिऱ्हाईक दारात बसून राहतं हो, त्याला डोकं दुखतंय म्हणून कसं सांगू?

मेडिकलवाला_चोपडा
मग दोन्ही चिठ्ठ्या एकाच डॉक्टरांपुढे ठेवा, याच आठवड्यात. ड्युलॉक्सेटिनमुळे अॅमिट्रिप्टिलीनचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं, त्यात ट्रामाडॉलची भर पडली की तिन्हींचा मिळून त्रास होऊ शकतो. एकत्र देऊच नयेत असं नाही, पण देणाऱ्याला तिन्ही माहीत हवीत. मनानं मात्र काही बंद करू नका. ड्युलॉक्सेटिन एकदम सोडलं तर चक्कर, मळमळ होते.

दुसरं, ट्रामाडॉलसारखी किंवा मिश्र गोळी महिन्यात 10 किंवा जास्त दिवस, साधी पॅरासिटामॉल 15 किंवा जास्त दिवस, असं 3 महिन्यांहून अधिक चाललं तर गोळीनंच डोकं दुखायला लागतं. कॅलेंडरवर गोळीच्या दिवशी फुली मारा आणि ते कॅलेंडर सोबत न्या. माझ्या काउंटरवरून स्ट्रिपच्या स्ट्रिप नेणारे रोज बघतो, विकणारा मीच, तरी सांगतोय.

मावशी_शिरपूर
माले बी असंच व्हस, माय. कंगवा तर सोडाच, मी त्या दिवशी वेणीच घालत नाही. मला डॉक्टरांनी चालायला सांगितलं तर पहिल्याच दिवशी हौसेनं लांबवर गेले आणि पुढचे काही दिवस खाटेवर. मग दहा मिनिटांवर आले, आता बरंच चालते. सकाळीच, ऊन चढायच्या आधी. आपल्याकडचं वैशाखाचं ऊन म्हणजे अर्धशिशीला आवतणच. आणि एकादशीला नुसत्या चहावर राहू नको. तुमच्या अमळनेरचे संत सखाराम महाराज रागावणार नाहीत.

फिजिओ_भुसावळ
मावशींचं खरं. दोन्ही दुखण्यांना झोपेची आणि जेवणाची ठरलेली वेळ आणि हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम लागू पडतो. मात्र ताई, कधी अचानक, आजवर झालं नाही असं भयंकर डोकं दुखलं, हातपाय लुळे पडले, बोलणं अडखळलं, तर हे सगळं बाजूला ठेवून सरळ इमर्जन्सीत जायचं.

शिलाईवाली_अमळनेर
कंगव्याचं माझं एकटीचंच नाही म्हणजे. जळगावची सोमवारची वेळ घेतलीय, दोन्ही फायली पिशवीत भरल्या. फिजिओदादा, मशीनवर बसायचं काही सांगा की, ते तर सुटणार नाही.

फिजिओ_भुसावळ
स्टूल इतकं उंच की मान वाकवून टाका बघावा लागू नये. एक ब्लाउज पुरा होईपर्यंत बसायचं नाही, बाही लागली की उठायचं. पायमशीन आहे की मोटर?

शिलाईवाली_अमळनेर
पायमशीन. सासूबाईंची.

फिजिओ_भुसावळ
मोटर बसवा. नणंदेकडून वसूल करा.