झटकल्याशिवाय पायात घालायचे नाही: कोकणात राहून आलेल्या नागपूरकरांचे विंचू-सापांचे अनुभव

मनीषनगर, माहेर दापोली तालुका

माझे माहेर दापोली तालुक्यातले आणि सासर नागपूरचे. लग्न होऊन 34 वर्षे झाली, तरी चप्पल उलटी करून जमिनीवर आपटल्याशिवाय मी ती पायात घालत नाही. परवा सुनेने विचारले, "आई, चौथ्या मजल्यावर कुठून येणार विंचू?" तिला उत्तर द्यायला बसले आणि बोलता बोलता तास कसा गेला ते कळले नाही. बँकेच्या, शाळेच्या, सरकारी नोकरीच्या बदल्यांमुळे कोकणात काही वर्षे काढून परतलेली पुष्कळ कुटुंबे नागपुरात आहेत. त्यांनी आपापले अनुभव लिहावेत, अशी विनंती आहे. ऐकीव गोष्टी नकोत. आपल्या घरात काय घडले, कोणत्या महिन्यात, किती वाजता घडले आणि पहिल्या तासात आपण काय केले, एवढे लिहिले तरी ते दुसऱ्याच्या उपयोगी पडेल.

सुरुवात मी करते. आमच्याकडे विंचू दोन प्रकारचे दिसत. एक काळी इंगळी, बोटाएवढी जाड, जिला पाहूनच अंगावर काटा येतो, पण तिच्या डंखाने माणूस सहसा दगावत नाही. दुसरा तांबूस, इवलासा, पुढचे चिमटे अगदी बारीक. खरा घातक तो. जांभ्या दगडाच्या गडग्यात, म्हणजे दगड रचून केलेल्या कुंपणात, सरपणात, गवताच्या उडवीत, खुंटीवरच्या कपड्यांत, कुठेही तो असे. 1977 मध्ये, भातकापणीच्या दिवसांत, माझा नऊ वर्षांचा चुलतभाऊ तिन्हीसांजेला चुलीसाठी लाकडे आणायला पडवीत गेला आणि त्याच्या बोटाला डंख बसला. आधी तो खूप ओरडला. मग त्याचे ओरडणे थांबले, म्हणून मोठ्यांना वाटले की विष उतरले. त्याचे डोके माझ्या मांडीवर होते. त्याच्या कपाळावरचा घाम मी फ्रॉकने टिपत होते आणि टिपलेल्या जागी तो पुन्हा फुटत होता. हात मात्र विहिरीच्या पाण्यासारखे गार पडले होते. दोनदा उलटी झाली. मांत्रिकाला आणायला माणूस गेला, त्यात रात्र गेली आणि पहाटे भाऊ गेला. घाम, उलटी आणि गार हात या तीन गोष्टी एकत्र आल्या तर काय समजायचे, हे तेव्हा आमच्या वाडीत कोणालाच ठाऊक नव्हते.

धरमपेठ, निवृत्त वैद्यकीय अधिकारी

ताईंनी लिहिलेल्या त्या तीन गोष्टी म्हणजे लाल विंचवाच्या गंभीर विषबाधेचे जवळजवळ पूर्ण वर्णन आहे. मी 1988 ते 1991 या काळात रायगड जिल्ह्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात होतो. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या माझ्यासारख्याला एका गोष्टीचा अभिमान वाटतो, ती येथे सांगतो. ज्यांच्या कामामुळे कोकणातल्या असंख्य मुलांचे प्राण वाचले, ते डॉ. हिंमतराव बावस्कर याच महाविद्यालयातून डॉक्टर झाले आणि महाडच्या परिसरात राहून त्यांनी विंचूदंशाच्या रुग्णांची रात्रंदिवस निरीक्षणे नोंदवली. 1982 मध्ये त्यांचा लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

या विषामुळे शरीरात ॲड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो आणि आवळलेल्या नळ्यांमधून रक्त ढकलता ढकलता हृदय थकते. मग फुप्फुसांत पाणी भरते आणि रुग्णाच्या तोंडाला गुलाबी फेस येतो. रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे औषध त्या रक्तवाहिन्या सैल करते, म्हणून ते येथे कामी येते. मात्र ते वेळेत मिळावे लागते, आणि ते डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यावे लागते, कारण रक्तदाब एकाएकी उतरण्याचाही धोका असतो.

माझ्या अनुभवातून एक कळकळीची सूचना करतो. ठणका असह्य आहे, मूल आकांत करत आहे, पण हातपाय उबदार आहेत, अशा मुलाची मला त्या मानाने कमी काळजी वाटे. जे मूल दुखत नाही असे सांगते आणि घामाने निथळते, त्याच्या उशाशी मी रात्रभर बसत असे. वेदना कमी आहे म्हणून घरी थांबण्याची चूक कृपा करून कोणी करू नये.

प्रतापनगर, शिक्षिका, 2003 ते 2009 राजापूर तालुका

आम्ही विदर्भातली माणसे घोणशीला परड म्हणतो आणि तिला ओळखतोही, पण फुरसे मी प्रथम राजापूरच्या कातळावर पाहिले. जेमतेम हातभर लांबीचे, मातकट रंगाचे, सहज पायाखाली येईल असे. डिवचले गेले की ते अंगाची वेटोळी एकमेकांवर घासते आणि लाकडावर करवत चालावी तसा आवाज येतो. तो आवाज आला की जागच्या जागी थांबायचे, असे शाळेतल्या मुलांनीच मला शिकवले.

2006 च्या ऑक्टोबरमध्ये माझे यजमान अंगणाच्या कडेचा ढासळलेला गडगा रचत होते. चिरा उचलताना त्याखालच्या फुरशाने त्यांच्या मधल्या बोटाला दंश केला. दोन बारीक टिंबे आणि थोडी सूज, याखेरीज काहीही दिसत नव्हते. शेजारच्या काकांनी करकचून बांधायला सुतळी आणली, दुसऱ्या एकाने ब्लेड काढले. मी दोन्हींना नकार दिला, कारण आरोग्य केंद्राच्या परिचारिकेने शाळेत येऊन आम्हाला बजावले होते की आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका. अंगठी काढा, हात हलू देऊ नका आणि थेट दवाखाना गाठा. अंगठी साबण लावून काढली, हाताला फूटपट्टी लावून तो पंचाने गळ्यात अडकवला आणि रिक्षाने निघालो.

दवाखान्यात डॉक्टरांनी थोडे रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेतले आणि नळी खिडकीत उभी करून ठेवली. वीस मिनिटे तिला कोणी हात लावायचा नव्हता. मी घड्याळाकडे आणि त्या नळीकडे आळीपाळीने पाहत होते. निरोगी माणसाचे रक्त एवढ्या वेळात गोठून बुडाशी घट्ट बसते, असे डॉक्टरांनी सांगितले होते. वीस मिनिटांनी त्यांनी नळी हळूच आडवी केली आणि यजमानांचे रक्त कुंकवाच्या पाण्यासारखे काठापर्यंत वाहत आले. माझ्या पायांतले बळ गेले. त्यानंतर लगेच सलाईनमधून सर्पविषावरची लस सुरू झाली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर तीच एक लस चालते आणि ती घोड्यांच्या रक्तापासून तयार करतात. त्यामुळे तिची ॲलर्जी येऊ शकते, म्हणून एक परिचारिका सतत जवळ उभी होती. रात्री हिरड्यांतून थोडे रक्त आले. सहा तासांनी नळीची तपासणी पुन्हा झाली, आणखी लस द्यावी लागली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नळी आडवी केल्यावर रक्त जागचे हलले नाही. ज्यांनी ती नळी पाहिली आहे, त्यांना झाडपाल्याच्या उपायांत घालवलेल्या तासाची किंमत वेगळी सांगावी लागणार नाही.

नंदनवन, बँकेतून निवृत्त, मालवणला तीन वर्षे

आमच्या भाड्याच्या घरामागे नारळाच्या झावळ्यांचा ढीग होता आणि त्यात एक मोठी धामण राहत असे. मी नवा असताना तिला मारण्यासाठी काठी उचलली, तेव्हा घरमालकीण काकू मध्ये उभ्या राहिल्या. धामण बिनविषारी असते, उंदीर खाते, आणि उंदीर कमी झाले की त्यांच्या मागे येणारी घोणसही घराकडे फिरकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे तीन वर्षे आम्ही आणि ती धामण शेजारी राहिलो. झावळ्यांचा ढीग मात्र काकूंच्याच सांगण्यावरून दारापासून वीस पावले दूर हलवला.

त्रिमूर्तीनगर; स्थापत्य अभियंता

रत्नागिरीत आमच्या बांधकामावर जांभ्याच्या चिऱ्यांच्या राशी असत. अतिनील किरणांच्या बॅटरीने पाहिले तर विंचू अंधारात हिरवट-निळा चमकतो. एका रात्री कामगारांच्या झोपड्यांजवळच्या एकाच राशीत आम्ही अकरा विंचू मोजले. दुसऱ्याच दिवशी ती रास हलवली, कामगारांना बूट आणि जाड हातमोजे दिले, आणि रोज रात्री मुले झोपण्यापूर्वी भिंतींच्या कडांवरून बॅटरी फिरवण्याचे काम एका माणसाकडे सोपवले. अशी बॅटरी महाग नसते. गणपतीला किंवा मे महिन्यात गावचे बंद घर उघडणाऱ्यांनी ती अवश्य जवळ ठेवावी.

हिंगणा, गृहिणी, गुहागरला सहा वर्षे

गुहागरच्या आमच्या शेजारीण आजी पावसाळ्यात कोणालाही जमिनीवर झोपू देत नसत. खाट हवी, मच्छरदाणी हवी आणि ती चारही बाजूंनी गादीखाली खोचलेली हवी, असा त्यांचा दंडक होता. त्याचे खरे मोल मला हिंगण्याला आल्यावर कळले.

2018 च्या जुलैमध्ये आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई पहाटे पोट दुखते म्हणून दारात आल्या. रात्री त्या चटईवर झोपल्या होत्या. चावल्याचे काहीही आठवत नव्हते, अंगावर खूण नव्हती. वाटेतल्या एका खाजगी दवाखान्यात पित्ताची गोळी देऊन त्यांना परत पाठवले होते. मी चहा पुढे केला, तेव्हा कप हातात धरून त्या म्हणाल्या की वैनी, डोळे उघडून ठेवता येत नाहीत. मी त्यांच्याकडे नीट पाहिले. दोन्ही पापण्या अर्ध्यावर उतरल्या होत्या आणि चहाचा घोट गिळला जात नव्हता. पावसाळ्यात, जमिनीवर झोपलेल्या माणसाला, पहाटे पोटदुखी आणि जड पापण्या हे मण्यारीचे लक्षण आहे आणि तिचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही, हे आजींनी मला इतक्या वेळा ऐकवले होते की विचार करायला क्षणही लागला नाही. मी 108 ला फोन केला आणि शहरातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात पोहोचताच पहिले वाक्य हेच सांगितले की मण्यार असावी.

तासाभरात त्यांचा श्वास मंदावला. लस दिली होती, तरी चार दिवस त्या कृत्रिम श्वासावर होत्या. त्यांना सगळे ऐकू येत होते, फक्त बोट हलवता येत नव्हते, हे त्यांनी नंतर सांगितले. महिनाभराने त्या कामावर परतल्या आणि पहिल्या पगारातून त्यांनी दोन लोखंडी खाटा घेतल्या, एक स्वतःसाठी आणि एक मुलांसाठी. मच्छरदाण्या मी दिल्या, आणि त्या कशा खोचायच्या हे त्यांच्या लेकीला गादीशी बसून दाखवले.