पाणीपट्टी वाढली म्हणजे लूटच का?

पान्हा: "आम्ही पाणी कमी वापरतो, तरी पाणीपट्टी आणि मलनिस्सारण आकार वाढतोच, ही उघड लूट आहे," असं इथे एकाने लिहिलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हणून सविस्तर लिहितोय. कर्जाचे हप्ते, पगार, वाहिन्यांची देखभाल हा खर्च तुम्ही नळ उघडा की बंद ठेवा, तेवढाच राहतो. वापर घटला की वाचते ती पंपाची वीज, तुरटी आणि क्लोरीन. बाकीचा बोजा कमी युनिटांवर पडला की दर चढणारच. जुन्या लोखंडी नळात गंजाची पुटं बसून व्यास 20 टक्क्यांनी घटला, तर तेवढंच पाणी ढकलताना घर्षणात जवळपास तिप्पट दाब खर्ची पडतो. ते वीजबिल कोणी भरायचं?

रात्रपाळी: आणि गळती? पुरवठा चोवीस तास असेल तर रात्री 2 ते 4 मध्ये विभागाच्या मुख्य वाहिनीवरचा प्रवाह मोजा, रात्रीचा खरा वापर वजा करा. उरेल ती बहुतांशी गळती. हे आकडे जाहीर न करता दर वाढवणं म्हणजे फुटक्या रांजणाचा भुर्दंड पिणाऱ्यावर टाकणं.

पान्हा: आकडे जाहीर व्हावेत, हे मान्य. पण विभागवार मीटर बसवायला पैसा लागतो आणि तो याच दरातून येतो.

गाळणी: गळती राहू द्या बाजूला. बागेला घातलेलं पाणी मलवाहिनीत जातं का? मग मीटरवर दिसेल तेवढं सगळं सांडपाणी धरून आकारणी का? आणि नवे मीटर पळतात, त्याचं काय?

पान्हा: बागेच्या नळाला वेगळा मीटर आणि त्या पाण्यावर मलनिस्सारण आकार नाही, ही सोय असायलाच हवी. मीटरचं मात्र उलटं आहे. जुना मीटर झिजला की बारीक धार नोंदवतच नाही. नवा नोंदवतो, म्हणून पळाल्यासारखा वाटतो.

गाळणी: धडधडीत चूक! ठरावीक वेळेलाच पाणी सुटतं तिथे आधी वाहिनीतली हवा बाहेर पडते आणि चक्री गरागरा फिरते. हवेचे पैसे का द्यायचे? अर्धवट माहितीवर लोकांना गप्प करू नका.

पान्हा: गप्प कोणी केलं? हवेचा मुद्दा बरोबर आहे. वाहिनीच्या उंचवट्यांवर हवा झडपा, म्हणजे साचलेली हवा बाहेर सोडणाऱ्या झडपा, नसल्या किंवा गाळाने चोंदल्या की असंच होतं, आणि ती दुरुस्ती पुरवठा करणाऱ्यानेच करायची. पण म्हणून प्रत्येक वाढीव बिल हवेच्या माथी मारू नका.

रात्रपाळी: भांडण्यापेक्षा तपासा. पाणी पूर्ण दाबाने येत असताना सगळे नळ बंद करा, टाकी भरत नाही ना तेही बघा. मीटरच्या काचेखालची छोटी चक्री तरीही फिरत असेल, तर गळती घरातच. फ्लशच्या टाकीत खायचा रंग टाकून 20 मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर टाकीच्या तळाचं रबर बदला. चक्री थांबलेली असेल तर खुणेच्या बादलीने नेमकं 100 लिटर पाणी भरा आणि आधीचं-नंतरचं रीडिंग लिहा. लाल आकडे किंवा काटेही धरा, लिटर तिथेच कळतात. फरक 110 आला तर मीटर तपासणीचा लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

चेंबर: गच्चीचं पावसाचं पाणी मलवाहिनीला जोडणाऱ्यांवर कोणीच बोलत नाही. पावसात तो सगळा लोंढा पंपाने उपसावा लागतो आणि त्या विजेचा खर्च आपल्या सगळ्यांच्या मलनिस्सारण आकारात येतो.

गाळणी: तो जोड तोडायलाच हवा, इतकं मान्य. पण हवा झडपा दुरुस्त होईपर्यंत वाढीव दर घेणं अन्यायच, यावर मी ठाम आहे.