बारीक दगडाच्या आधी
वस्तऱ्याला धार लावण्याबद्दलच्या चर्चेत असे मत मांडले गेले आहे की १२,००० ग्रिटच्या दगडावर (ग्रिटचा आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक) पाते घासण्याच्या फेऱ्या वाढवत राहिल्यास धार आपसूक येते. हे मत निदान नवशिक्यांच्या बाबतीत मला पटत नाही. बारीक दगड धार घडवत नाही, घडलेली धार केवळ गुळगुळीत करतो. पात्याचे दोन्ही उतार, म्हणजे धारेकडे निमुळत्या होत जाणाऱ्या बाजू, कडेशी एकमेकांना मिळाले आहेत की नाही, याचा निकाल १,००० ग्रिटच्या दगडावरच लागतो आणि तिथे कच्चे राहिलेले काम पुढे भरून निघत नाही. वस्तऱ्याची पाठ व धार एकाच वेळी दगडावर टेकत असल्याने कोन हाताने सांभाळावा लागत नाही, त्यामुळे दाब देण्याचेही कारण नसते.

दगडाच्या सपाटपणाचा उल्लेख मात्र चर्चेत राहून गेला आहे. पाण्यावर वापरायचे दगड मध्यभागी झिजून खोलगट होतात. अशा दगडावर पेन्सिलीने उभ्याआडव्या रेघा माराव्यात, सपाट काचेवर ठेवलेल्या वॉटर पेपरवर (ओला करून वापरायचा सँडपेपर) तो ओला करून घासावा आणि शेवटची रेघ पुसली जाईपर्यंत थांबू नये. त्यानंतर पात्याच्या उताराला मार्करची शाई लावून एकच हलकी फेरी मारावी. जिथे शाई अगदी कडेला शिल्लक राहते, तिथे धार दगडाला लागतच नाही, मग फेऱ्या कितीही मोजा.