दगडीच्या उपचारानंतर दुधाला विरजण लागेना

गोठेवाली_संगमनेर:
आमच्या एचएफ (होल्स्टीन) गाईला दगडी, म्हणजे कासेची सूज, झाली. मागचा उजवा सड टणक, धारेला चोथापाणी. डॉक्टरांनी तीन दिवस सडात ट्यूब सोडली, दोन इंजेक्शनं दिली. चौथ्या दिवशी दूध पांढरंशुभ्र. डेअरीला घालण्याआधी लिटरभर तापवून विरजण लावलं, तर सकाळी पातेल्यात दूधच! दुसऱ्या गाईचं दही मात्र सुरीनं कापावं असं. सासूबाई म्हणतात, दूध गरम असतानाच विरजण घातलंस. (वीस वर्षं घालतेय.) हे औषधामुळे का? तापवून जात नाही? वासराला पाजलं तर चालेल? रोज बारा लिटर ओतायचं जिवावर येतं.

निवृत्त_पशुवैद्यक:
सासूबाईंना सांगा, तुमचा हात चुकला नसावा. विरजणातले जिवाणू अँटिबायोटिकनं मारले असणार. तापवून जिवाणू मरतात, औषध बरंचसं राहतं. दही लागलं तरी दूध औषधमुक्त झालं असं धरू नका, थोडं औषध असूनही लागतं. ट्यूबच्या खोक्यावर दूध किती काळ वापरायचं नाही ते असतं, ते शेवटच्या ट्यूबपासून मोजा. इंजेक्शनचं वेगळं असतं, जास्त असेल ते धरा. छापलेलंच नसेल तर नियमानं दुधाला किमान ७ दिवस, मांसाला २८. आणि हे चारही सडांच्या दुधाला लागू. वासराला नकोच. रोज थोडंथोडं औषध पोटात गेलं की त्याला दाद न देणारे जिवाणूच आतड्यात माजतात, शेणातून गोठाभर होतात. मग त्याच्या हगवणीला आमची बाटली काय करणार?

ब्रॉयलरवाला:
आमच्याकडे कोंबड्यांच्या खाद्यातून कोलिस्टिन हे अँटिबायोटिक जायचं. माणसाच्या आयसीयूतलं ते अगदी शेवटी काढायचं औषध, हे मला जुलै २०१९ मध्ये केंद्रानं खाद्यजनावरांसाठी बंद केल्यावर कळलं! कोंबडी नीट शिजली की जिवाणू मरतात, औषधाला दाद न देणारेसुद्धा. घोळ कच्च्याचा. आमच्या घरी कच्ची कोंबडी नळाखाली खळखळून धुवायचे आणि त्याच फळीवर काकडी. आता धुणं बंद, फळी वेगळी.

दूधवाला_७:
सेंटरवर फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकी घन घटक) बघतात. औषध तपासायची पट्टी आमच्याकडे तरी कोणी लावत नाही. बारा लिटरचे पैसे कोण देणार?

गोठेवाली_संगमनेर:
कोणी नाही, माहितीय. खोकं उकिरड्यावरून शोधलं, ७२ तास छापलंय. इंजेक्शनची बाटली डॉक्टरांकडेच राहिली, फोन लावलाय. तोवर त्या गाईच्या केटलीवर खडूनं फुली मारलीय, सासूबाईंनी चुकून डेअरीच्या दुधात ओतू नये म्हणून.