मदत हवी आहे: सातवीतल्या लेकीचा मडक्यांचा प्रयोग, विज्ञान प्रदर्शन आणि आई-बाबांची लुडबुड

नमस्कार. आम्ही बार्शीला राहतो. लेक सातवीत आहे. शाळेचं विज्ञान प्रदर्शन डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आहे, तिथे निवड झाली तर पुढे तालुक्याला. हाताशी तीन आठवडे आहेत. मला दोन बाबतीत मदत हवी आहे. एक म्हणजे तिच्या प्रयोगाचं उत्तर अपेक्षेपेक्षा वेगळंच आलंय, ते का आलं असेल? आणि दुसरं, यात आम्ही हात किती घालायचा?

दुसऱ्या प्रश्नासाठी आधी मागच्या वर्षीचं सांगते. मागच्या वर्षी आम्ही धरणाचं आणि जलविद्युत केंद्राचं मॉडेल केलं. "आम्ही" म्हणजे खरं तर नवऱ्याने केलं. थर्मोकोल कापणं, पाती चिकटवणं, छोट्या मोटरला दिवा जोडणं, सगळं. आदल्या रात्री एक वाजेपर्यंत तो बसला होता आणि ती नऊलाच झोपली होती. मॉडेल सुंदर झालं, दिवाही लागला. परीक्षकांनी तिला इतकंच विचारलं, "मोटरला वीज दिली की ती फिरते. मग आपण मोटर फिरवली तर वीज का मिळते?" तिने माझ्याकडे बघितलं. दोरीपलीकडे पालक उभे असतात तिथे मी होते. तो चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तिला उत्तर आलं नाही याचं मला काही वाटलं नाही. ते मॉडेल तिचं नव्हतंच, आणि हे तिला तिथे सगळ्यांसमोर कळलं, याचं वाईट वाटलं.

यंदा प्रश्न तिचा तिलाच सुचलाय. मी जत्रेतून फुलं-वेली रंगवलेला माठ आणला होता. सासूबाई बघताक्षणी म्हणाल्या, "रंग दिलेला माठ पाणी गार करत नाही गं, शोभेला ठेव." लेकीने लगेच विचारलं, "अजिबात नाही, की थोडंच कमी?" आजींकडे याचं उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. ती म्हणाली, मग हेच करते प्रदर्शनाला.

मोठे माठ मोजणं अवघड, म्हणून तिने लक्ष्मीपूजनाला आणलेली बोळकी घेतली. दोन साधी लाल, दोन बाहेरून सोनेरी रंग दिलेली. सोबत एक स्टीलचा पेला. प्रत्येकात २०० मिली पाणी. तापाचा थर्मामीटर चालला नाही, तो ३५ अंशांच्या खाली काही दाखवतच नाही. मग शाळेच्या प्रयोगशाळेतला मागून आणला. रविवारी सकाळी दहाला सुरुवात केली, खोलीत २९ अंश, पाणी २७. दुपारी एक वाजता साध्या बोळक्यांत २३.५, रंगवलेल्यांत २४, पेल्यात २८.

म्हणजे रंगाने फरक पडला फक्त अर्ध्या अंशाचा! तिचा चेहरा उतरला. नवरा मदत करायला म्हणूनच म्हणाला, "अगं, आजीचं बरोबरच आहे, काहीतरी चुकलं असेल. रंगवलेल्यात २७ लिही, तक्ता नीट दिसेल." ती वही घेऊन आत निघून गेली. मला हे अजिबात पटलं नाही, पण तिला काय सांगावं तेही सुचत नाहीये.

त्यात वर्गाच्या मॅडमचं म्हणणं वेगळंच. "नुसती मडकी मांडलीत तर कोण थांबणार? काहीतरी हलणारं, दिवे लागणारं करा." बाजारात तयार मॉडेलं मिळतात, वर्गातल्या सात-आठ जणांनी ती घेतलीसुद्धा. मला मॅडमना दुखवायचं नाही. पण लेकीचा प्रश्न सोडायचाही नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

तुमच्या सासूबाईंचं निरीक्षण आमच्याकडेही सगळे सांगतात. आम्ही चिपळूणचे. पावसाळ्यात आमचा साधा माठही नावालाच गार होतो, कारण हवेतच इतका ओलावा असतो की माठातलं पाणी फारसं उडतच नाही. बार्शीची हवा कोरडी, तुम्हाला हा प्रयोग छान जमेल. वाचनांशेजारी त्या दिवशीची हवाही लिहून ठेवा.

प्रतिसाद २

ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायचो, आता निवृत्त आहे. तालुक्याच्या प्रदर्शनांत परीक्षक म्हणून बरीच वर्षं फिरलोय. आधी एक विचारतो. बोळकी ठेवली कशात होती?

धागाकर्ती

चारही एका मोठ्या परातीत, खाली ओल येऊ नये म्हणून. पेला बाजूला टेबलावर.

प्रतिसाद २ (पुढे)

मग तुमचा अर्धा अंश तिथेच सापडला म्हणायचा. साधी बोळकी पाझरतात. ते पाणी परातीत उतरलं, पसरलं, आणि रंगवलेली बोळकीही त्याच गार पाण्यात बसली. आता एक करा. रंगवलेलं बोळकं उलटं करून लेकीला बूड बघायला सांगा. कुंभार बहुतेक वेळा रंग दर्शनी भागावरच देतो. बूड कोरं असलं तर खालून पाझर चालूच राहतो.

माठ गार का होतो, ते तिला पाठ करून नको, मोजून कळू दे. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते, आणि ती उरलेल्या पाण्यातून घेतली जाते. आपल्याकडच्या तापमानाला एक ग्रॅम पाणी उडताना साधारण २,४०० ज्यूल घेऊन जातं. एक ग्रॅम पाणी एक अंशाने गार करायला ४.२ ज्यूल काढावे लागतात. हिशेब मांडला तर शंभर भागांतला एक भाग पाणी उडाला की उरलेलं साडेपाच-सहा अंशांनी उतरायला हवं. प्रत्यक्षात बाहेरची उष्णता सतत आत शिरत असते, म्हणून त्याहून जास्त पाणी उडावं लागतं. तेव्हा नुसतं तापमान घेऊ नका, वजनही घ्या. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरेल. गारवा आणि उडालेलं पाणी दोन्ही शेजारी-शेजारी लिहिलं की तक्ता आपोआप बोलतो.

बोळकी आदल्या रात्री पाण्यात बुडवून ठेवा. कोरडी माती आधी स्वतःच पाणी पिते आणि गारवा सुरू व्हायला उशीर होतो. सकाळी बाहेरून पुसून मगच सुरुवात. प्रत्येकाला वेगळी बशी. तोंडावर झाकण, नाहीतर वरच्या उघड्या पाण्यातूनही वाफ जाते आणि रंगाचा परिणाम वेगळा कळत नाही. वजन करताना बशीत उतरलेलं पाणी बशीसकट मोजा, कारण पाझरून खाली आलेलं पाणी म्हणजे उडालेलं पाणी नव्हे. वाचन घेताना थर्मामीटर पाण्यातच असू दे. बाहेर काढून वाचला की आकडा बदलतो.

अजून एक, मुलांना हे फार आवडतं. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून पंख्यासमोर धरा. पारा जिथे येऊन थांबेल, त्याच्या खाली त्या दिवशी त्या हवेत कुठलाही माठ जाणार नाही. तिची साधी बोळकी त्या आकड्याच्या किती जवळ पोचली, हे तिने परीक्षकांना दाखवावं.

तिच्या बाबांना माझा नमस्कार सांगा आणि एवढं जरूर सांगा की ते २३.५ आणि २४ वहीतून खोडू देऊ नका. पहिल्या दिवसाचं पान तसंच राहू दे. त्याच्याखाली तिच्याच अक्षरात "परात एक होती, म्हणून पुन्हा केलं" असं येऊ दे. मी परीक्षक असताना एक प्रश्न सगळ्यांना विचारायचो, "पहिल्यांदा काय चुकलं?" ज्या मुलाने स्वतः केलेलं असतं ते या प्रश्नावर खुलतं. तयार मॉडेल घेऊन आलेलं पोर गप्प होतं, आणि त्यात त्या पोराचा काहीच दोष नसतो.

प्रतिसाद ३

शाळेचा थर्मामीटर पाऱ्याचा आहे की लाल रेघेचा, तेवढं बघून घ्या. चंदेरी रेघ असेल तर पारा. फुटला तर पारा मुलांना हाताने गोळा करू देऊ नका. लाल रेघेचा अल्कोहोलचा असतो, घरात तोच बरा.

प्रतिसाद ४

मॅडमबद्दल माझा अनुभव सांगते. मुलाच्या वेळी मीही अशीच अडकले होते. मॅडमवर निकालाचं दडपण असतं, त्यांना वाईट म्हणू नये. मी मुलालाच वही घेऊन त्यांच्याकडे पाठवलं, आम्ही कुणी गेलो नाही. त्याने वाचनं दाखवली आणि त्यांनाच विचारलं, "मॅडम, हे असं का आलं असेल?" त्यानंतर त्या स्वतः मधल्या सुट्टीत त्याच्याबरोबर वाचनं घ्यायला लागल्या.

लोक थांबावेत म्हणून दिवे कशाला? येणाऱ्याला दोन बोळक्यांना हात लावू द्या आणि कोणतं गार ते ओळखायला सांगा. आणि अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंतून करायची विज्ञान-खेळणी आणि मराठी पुस्तकं फुकट आहेत, ती तिला नक्की बघू द्या.

प्रतिसाद २

मॅडमना हेही सांगा की गुणपत्रकात नुसती मांडणी नसते. कल्पकता, शास्त्रीय विचार, कमी खर्च आणि रोजच्या जगण्यातला उपयोग यांनाही गुण असतात. मडक्यांना यातल्या एकाही रकान्यात मान खाली घालावी लागणार नाही. आणि शाळेतून इन्स्पायर-मानक या केंद्र सरकारच्या योजनेसाठी मुलांच्या कल्पना पाठवतात का, तेही विचारा. तिथे मुलाची स्वतःची कल्पना बघतात, निवड झाली तर १०,००० रुपये मिळतात.

हाताचं म्हणाल तर, बाजारातून सामान आणणं, गरम-धारदार काही असेल तिथे शेजारी उभं राहणं आणि रात्री जेवताना "आज काय दिसलं?" विचारणं, एवढं तुमचं. तक्त्यावरचं अक्षर वाकडं आलं तरी तिचंच.

धागाकर्ती (आठ दिवसांनी)

सर, आणि सगळेच, मनापासून आभार. काल पुन्हा केलं. वजनकाटा शेजारच्या वहिनींकडून आणला, त्या केक करतात. बोळकी शनिवारी रात्री बादलीत बुडवली तेव्हा त्यांतून बारीक बुडबुडे निघत होते. ती कितीतरी वेळ बादलीशी बसून होती. "मातीत हवा होती, तिथे आता पाणी गेलं," हे तिचं तिनेच ताडलं.

वेगळ्या बश्या, वर झाकणं, खोलीत पुन्हा २९ अंश, पाणी २७. तीन तासांनी साध्या बोळक्यांत २२.५ आणि ७ ग्रॅम पाणी कमी. रंगवलेल्यांत २५.५ आणि ३ ग्रॅम कमी. पेल्यात २८.५, वजन होतं तेवढंच. ओल्या फडक्याचा थर्मामीटर २० वर थांबला. आजींना तिने जाऊन सांगितलं, "अजिबात नाही असं नाही आजी, कमी होतं, पण होतं." आजी म्हणाल्या, "बरं झालं मोजलंस." आणि तो जत्रेतला माठ दोघींनी मिळून उचलून उलटा करून बघितला.

बूड कोरं आहे! बोळक्यांचंही. सर, तुम्ही म्हणालात तसंच.

नवऱ्याने पहिलं पान वाचलं. तिने "परात एक होती" असं लिहून खाली आकृती काढलीय. तो काही बोलला नाही, पण संध्याकाळी तिला विचारत होता की उद्याच्या वाचनाला मी घड्याळ लावून बसू का. तिने त्याला वेळ सांगायचं काम दिलंय. वही घेऊन ती आता मॅडमकडे जाणार आहे.

आता तिला एका रंगवलेल्या बोळक्याच्या बुडालाही तैलरंग लावून बघायचंय, म्हणजे कुठूनच पाझर राहणार नाही. रंग बाहेरूनच लावणार आहोत. पाणी भरायच्या आधी तो किती दिवस वाळू द्यावा?

प्रतिसाद २

हाताला चिकट लागेनासा झाला तरी आणखी तीन-चार दिवस थांबा. रंग लावायच्या आधी मात्र बोळकं उन्हात पूर्ण कोरडं करा, आत ओल राहिली तर पापुद्रे सुटतील. आणि दुसरं रंगवलेलं बोळकं कोऱ्या बुडाचंच ठेवा, तुलनेला लागेल.